फिरून तेच घर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात बक्षीस-समारंभापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस-समारंभापूर्वी मी चार शब्द बोलावेत असा आग्रह आपल्या चिटणीसांनी धरला. विषय कोणता, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, मुलांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे काहीही बोला." उपयोगी विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलणे झाले आहे, आणि ते माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी केले आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि सारी नोकरी मुळशी तालुक्यातील प्राथमिक शाळांत केली. कॉलेजची पायरी मला चढता आली नाही. तेव्हा मोठ्या विषयाच्या वाटेस न जाता मी आज चिंचोक्यांच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. आपण हसाल, हसावे. परंतु या खेळाच्या निमित्ताने मला माझी एक चूक आपणांपुढे कबूल करावयाची आहे. त्यास्तव थोडा वेळ ऐकून घ्यावे, ही विनंती.

गोष्ट १९८८ सालच्या पावसाळ्यातील आहे. मी चौथीच्या वर्गावर होतो. मुळशीचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. कौलांतून पाणी गळत होते, आणि मुले कोरड्या बाजूस दाटीवाटीने बसली होती. मी वजाबाकीची उदाहरणे घातली होती. डोंगराकडच्या एका वाडीतून येणारी एक मुलगी उदाहरणे सोडून वहीच्या मागच्या पानावर भलतेच काही करीत बसली होती. ती दोन अंकी संख्या घेई, अंक उलटे करी, मोठ्यातून लहान वजा करी, आणि जे उत्तर येई त्यावर पुन्हा तेच करी. ८१ मधून १८ गेले, ६३ राहिले. ६३ मधून ३६ गेले, २७ राहिले. ७२ मधून २७ गेले, ४५ राहिले. ५४ मधून ४५ गेले, ९ राहिले. ९ म्हणजे ०९ धरून ९० मधून ०९ वजा केले, तो फिरून ८१! तिने पान भरून असे केले होते. मी जवळ जाताच ती म्हणाली, "गुरुजी, ही पाच घरं सोडून ते बाहेरच जात नाय."

मी काय केले? "पुस्तकातली उदाहरणे झाली का? मग हे रिकामे उद्योग कशाला?" असे म्हणून त्या पानावर तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ मारली. ती मुलगी खाली मान घालून पुस्तकातली वजाबाकी करू लागली. तिने पुन्हा असले काही मला दाखविले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका मासिकात मी देवळालीच्या कापरेकर गुरुजींविषयी वाचले, आणि ती तांबडी रेघ मला आठवली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव येथील तरुणांपैकी कित्येकांस ठाऊक नसेल. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास आणि कॉलेजचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून राहिले. विद्यापीठात जागा नाही, उच्च पदवी नाही. जवळ होते ते कागद, पेन्सिल आणि अंकांचे वेड. पदरमोड करून ते आपल्या शोधांच्या लहान लहान पुस्तिका छापीत. पंडितांपैकी अनेकांनी त्यांच्याकडे गंमत म्हणूनच पाहिले.

१९४९ साली त्यांच्या हाती जे लागले ते असे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी व चढत्या क्रमाने लावून लहानात लहान संख्या करावी आणि वजा करावे. गुरुजींचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ पासून ९५१० उणे ०१५९, म्हणजे ९३५१. पुढे तोच नियम लावीत गेल्यास ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पावलास ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येतात. गाडी थांबली! कोणत्याही संख्येपासून निघा, अधिकात अधिक सात पावलांत हेच स्थानक येते. आज जगभर ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

चार अंकांची गाडी थांबते. परंतु पाच अंकांची थांबत नाही. ५३९५५ घेतल्यास ५९९९४ येतात, आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५. झोपाळ्यासारखे इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाच अंकी संख्यांत अशी दोन घरांची एक फेरी आणि चार-चार घरांच्या दोन फेऱ्या आहेत. थांबण्याचे स्थानक एकही नाही. आणि दोन अंकांत? ८१, ६३, २७, ४५, ९ अशी पाच घरांची फेरी. माझ्या वर्गातल्या त्या मुलीची पाच घरे ती हीच. ज्या वाटेने कापरेकर गुरुजी चालले, त्या वाटेवर नऊ-दहा वर्षांची एक पोर आपल्या पायांनी येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या गुरुजींनी तिला परत फिरविले.

कापरेकरांची ओळख जगास मोठ्या प्रमाणावर झाली ती मार्च १९७५ मध्ये. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे एक लेखक 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात गणितातील गमतींचे सदर लिहीत. त्या महिन्यात त्यांनी देवळालीच्या या मास्तरांवर लिहिले. त्याच सदरात साडेचार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९७० मध्ये, एक नवा खेळ प्रसिद्ध झाला होता. केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांनी तो रचला आणि त्याचे नाव 'गेम ऑफ लाइफ', म्हणजे जीवनाचा खेळ, असे ठेवले. चिंचोक्यांचा खेळ म्हणून मी म्हटले तो हाच. माझा नातू तो संगणकावर खेळतो. मी चौकटीच्या कागदावर चिंचोके मांडून खेळतो. वेग त्याचा अधिक, परंतु समज माझी अधिक, असे मी त्यास सांगत असतो.

आपल्या भातखाचरांचा उतार डोळ्यांपुढे आणावा. एका खाचरात पाणी किती राहील हे शेजारच्या खाचरांवर अवलंबून असते. प्रत्येक खाचर आपल्या बांधापलीकडचे तेवढे जाणते. सबंध उतार कोणतेच खाचर जाणत नाही. या खेळाचा पटही असाच चौकोनी घरांचा. प्रत्येक घरास आठ शेजारी, चार बाजूंचे व चार कोपऱ्यांचे. चिंचोका असलेले घर जिवंत, रिकामे ते निर्जीव. नियम इतकाच. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते जगेल. दोनाहून कमी असतील तर एकटेपणाने मरेल, तिहींहून अधिक असतील तर दाटीने मरेल. आणि रिकाम्या घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर तेथे नवा जीव जन्मेल. सर्व घरांचा निवाडा एकाच वेळी करावयाचा. घाई झाली की येथेच चूक होते. म्हणून मरणाऱ्या चिंचोक्यावर दुसरा चिंचोका ठेवावा, जन्मणाऱ्या घरात भाताचा दाणा ठेवावा, आणि सारा पट तपासून झाल्यावरच उचल करावी.

तीन चिंचोके एका आडव्या ओळीत मांडा. दोन्ही टोकांच्या चिंचोक्यांस एकेकच शेजारी; ते मरतील. मधल्यास दोन शेजारी, तो जगेल. मधल्याच्या वरच्या व खालच्या रिकाम्या घरांस नेमके तीन शेजारी. तेथे जन्म होईल. आडवी ओळ उभी झाली! पुढच्या पावलास उभीची पुन्हा आडवी. असे अखंड चालते. इंग्रजीत यास 'ब्लिंकर' म्हणतात. मृगापूर्वी ताम्हिणीच्या रानात काजवे उघडझाप करतात त्याची आठवण होऊन आमच्या घरातील मुलांनी याचे नाव 'काजवा' ठेवले आहे. ठराविक पावलांनी आपल्या मूळ रूपावर येणाऱ्या अशा आकृतीस आंदोलक म्हणावे, आणि जितक्या पावलांनी ती परत येते तो तिचा आवर्तनकाल. काजव्याचा आवर्तनकाल दोन. ५३९५५ आणि ५९९९४ यांची जोडीही तशीच, दोन पावलांची.

आता ओळीतला एकेक चिंचोका वाढवून पाहा. चार मांडले तर दोन पावलांत मोहोळातील एका घरासारखी सहा चिंचोक्यांची आकृती होते आणि ती कायमची स्थिर राहते. आपले ६१७४ स्थिर राहते, तशीच. पाच मांडले तर अखेरीस चार काजवे चार दिशांस लुकलुकू लागतात. सहा मांडले तर थोडी धावपळ होऊन सारे मरून पट रिकामा होतो. आणि दहा मांडले तर दर पंधरा पावलांनी तेच रूप घेणारी एक डौलदार आकृती घडते. तीन, चार, पाच, सहा, दहा! नियम तोच, चिंचोके तेच. दैव मात्र प्रत्येकाचे निराळे. पुढे काय होईल हे नुसत्या तर्काने सांगावे म्हटले तर भल्याभल्यांची बुद्धी चालत नाही. एकेक पाऊल टाकून पाहावेच लागते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तेच घर फिरून का येते? याचे एक उत्तर सोपे आहे. पाच घरे लांब आणि पाच घरे रुंद एवढाच बंदिस्त पट घेतला, तर त्यावर चिंचोक्यांच्या ३ कोटी ३५ लक्ष ५४ हजार ४३२ मांडण्या होतात. संख्या मोठी खरी, परंतु तिला अंत आहे. पावले टाकीत गेले तर कधी तरी पूर्वी येऊन गेलेली मांडणी यावयासच हवी. आणि एका मांडणीनंतर नियमाने एकच मांडणी येत असल्यामुळे, ती एकदा फिरून आली की पुढची सारी फेरी जशीच्या तशी चालू होते. दोन अंकी संख्याही मोजक्याच. म्हणून त्या मुलीची वजाबाकी पुन्हा त्याच घरी येणार हे ठरलेलेच होते. ते केव्हा आणि किती घरांनी येते, हे तिने शोधले.

परंतु कॉनवे यांचा पट बंदिस्त नाही. कागद संपला की दुसरा जोडावा, असा तो अमर्याद आहे. तेथे परत येण्याची सक्ती नाही; आकृती निसटूनही जाऊ शकते. पाच चिंचोक्यांची एक आकृती दर चार पावलांनी पूर्वीचेच रूप घेते, परंतु एक घर तिरपी सरकून. आणि अशी ती पटावरून चालत राहते. कोणतीही आकृती बेसुमार वाढत जाऊ शकेल काय, या प्रश्नाच्या उत्तरास कॉनवे यांनी पन्नास डॉलरांचे बक्षीस लावले होते. १९७० च्याच नोव्हेंबरात बिल गॉस्पर व त्यांचे सहकारी यांनी ते जिंकले. त्यांची आकृती जागच्या जागी तीस पावलांची फेरी घेई आणि प्रत्येक फेरीत एक चालती आकृती बाहेर सोडी.

आपल्या डोंगरावर कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. अधिक मास सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. निसर्गात प्रत्येक गोष्टीचा फेरा निराळा. तसाच प्रश्न या खेळाच्या नादी लागलेल्यांस पडला. दोन पावलांचा आंदोलक आहे, तिहींचा आहे, पंधराचा आहे, तिसांचा आहे; मग वाटेल त्या संख्येचा आंदोलक असतोच काय? सांगा कोणताही आकडा, तितक्या पावलांनी परत येणारी आकृती दाखवितो, असे म्हणता येईल काय? १९९६ साली डेव्हिड बकिंगहॅम यांनी ६१ व त्यापुढील सर्व संख्यांचा प्रश्न एका युक्तीने सोडविला. राहिल्या लहान संख्या. त्यांच्या बाबतीत एकच युक्ती सर्वांस लागू पडेना. एकेकीसाठी निराळी आकृती धुंडाळावी लागली. आपणांस वाटेल की लहान तेवढे सोपे. येथे उलट झाले. शेवटी १९ आणि ४१ या दोनच उरल्या, आणि २०२३ साली त्याही सापडल्या. खेळ प्रसिद्ध झाल्यास तोवर ५३ वर्षे झाली होती. त्या वर्षाच्या अखेरीस सात जणांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला की, या खेळात प्रत्येक आवर्तनकालाचा आंदोलक आहे. स्वतः कॉनवे हे पाहावयास राहिले नव्हते. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. या अर्ध्या शतकात ज्यांनी एकेक आकृती शोधून यादीत घातली, त्यांत विद्यापीठातील विद्वान होते, तसे केवळ हौसेखातर रात्री जागविणारेही होते. एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने धरला.

हे सारे ज्ञातीच्या संमेलनात कशासाठी सांगितले, असे कोणी विचारील. त्याचे कारण ती मुलगी.

सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली. वाडीतील सर्वच मुलींची सुटत असे. पुढची शाळा लांब, वाटेत ओढे, आणि शेजारच्या घरची कोणी जात नाही, मग आपलीच कशी धाडावी? प्रत्येक घराने शेजारच्या आठ घरांकडे पाहिले आणि पूर्वीचेच पाऊल पुन्हा टाकले. कोणी दुष्ट नव्हते. सबंध चित्र कोणीच पाहत नव्हते, एवढेच. लग्नातील मानपान, देण्याघेण्याचे आकडे, या आपल्या ज्ञातीतील गोष्टीही अशाच चालत आल्या आहेत. 'त्यांनी केले म्हणून आम्ही केले.' फेरा चालू राहतो. आणि मीही त्या मुलीच्या शेजारच्या घरांपैकीच एक होतो. माझ्या हाती तांबडी पेन्सिल होती, आणि शाळेत जे चालत आले तेच मी पुढे चालविले.

काही वर्षांपूर्वी पौडच्या एस. टी. थांब्यावर एक बाई समोर येऊन पाया पडल्या. मी ओळखले नाही. त्यांनी नाव सांगितले. मी त्या रेघेविषयी बोलू लागलो, तो त्या हसल्या. म्हणाल्या, "एक्क्याऐंशी, त्रेसष्ट, सत्तावीस, पंचेचाळीस, नऊ. मला अजून पाठ हाय गुरुजी. भात लावताना मनात म्हनती मी." बरोबर त्यांची मुलगी होती. अकरावीस, विज्ञान शाखेत. "वाडीतल्या आणखी दोघी जात्यात, म्हणून हिलाबी धाडली," असे त्या म्हणाल्या. मी मुलीस सर्वांत आवडता विषय विचारला, तेव्हा तिने गणित सांगितले. त्या दिवशी घरी येताना मला एकाच वेळी आनंदही होत होता आणि लाजही वाटत होती.

बंधुभगिनींनो, पटावरील चिंचोक्यास आपला नियम बदलता येत नाही. माणसास तो येतो. हा दोहोंतला फरक आपण विसरतो म्हणून फेरे चालू राहतात.

पालकांस माझे एवढेच सांगणे आहे. आपले मूल एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करून "हे फिरून तिथेच येते," असे सांगत आले, तर हातचे काम क्षणभर बाजूस ठेवून ते पाहावे. आपणांस समजले नाही तरी पाहावे. ते उत्तर जगास पूर्वीच ठाऊक असेल. त्याने काही बिघडत नाही. त्या मुलास ते आजच सापडलेले असते.

आणि मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. आज आपण गुणांच्या क्रमाने बक्षिसे देणार आहोत, ती द्यावीतच. त्यांच्या जोडीस पुढील वर्षापासून आणखी एक बक्षीस असावे. ज्या मुलाने वा मुलीने वहीच्या मागच्या पानावर, कोणी न सांगता, स्वतःच्या बुद्धीने काही शोधले असेल, त्याला किंवा तिला ते मिळावे. त्यासाठी गुणपत्रक मागू नये, ती वही मागावी. पहिल्या वर्षाच्या बक्षिसाची रक्कम माझ्या निवृत्तिवेतनातून देण्याची माझी तयारी आहे. वह्या तपासावयासही मी येईन. तांबडी पेन्सिल मात्र घरी ठेवून येईन.



— एक निवृत्त शिक्षक, मुळशी